ओळ कुणाची?

समजा, एका दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या पडद्यावर रुग्णांची यादी उघडी आहे. प्रत्येक ओळीत नाव, वय आणि शेरा लिहायला एक चौकट. पहिल्या ओळीत पाटील आहेत. परिचारिका त्यांच्या चौकटीत ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं टाइप करते. ते सेव्ह करायच्या आत, आतल्या खोलीतल्या संगणकावरून तातडीचे रुग्ण म्हणून शेखांची नोंद होते. शेखांचं नाव यादीच्या डोक्यावर येतं, पाटील एक ओळ खाली सरकतात, शेरा मात्र जागचा हलत नाही. पहिल्या चौकटीत होता, पहिल्याच चौकटीत राहतो. आता तो शेखांच्या नावापुढे आहे. सर्व्हरवरची माहिती बरोबर, दोन्ही नावं बरोबर, क्रमही बरोबर, कुठेही एरर नाही. औषधाची सूचना तेवढी भलत्याच माणसाला जाऊन चिकटली.

यात प्रोग्रामरनं काही विचित्र केलेलं नसतं. रुग्णांचा अ‍ॅरे घेतला, त्यावर मॅप फिरवला, प्रत्येक नोंदीची एक ओळ बनवली आणि रिअ‍ॅक्टनं ‘की’ मागितली म्हणून ओळीचा इंडेक्स देऊन टाकला. कन्सोलमधली लाल सूचना गेली, काम पुढे सरकलं. हा कोड रोज लिहिला जातो, रिव्ह्यूमधून पार होतो आणि बहुतेक वेळा चालतोही.

बदलत्या याद्या ब्राउझरमध्ये कशा दाखवायच्या यावर गेल्या वीसेक वर्षांत पुष्कळ खल झाला. त्यातला मोठा भाग वेगाबद्दल आहे: कोणतं फ्रेमवर्क हजार ओळी किती मिलिसेकंदांत काढतं, कोण किती मेमरी खातं. माझं मत असं की वेगाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे आणि उरलेला, जास्त अवघड प्रश्न ओळखीचा आहे. मघाच्या यादीतली ती ओळ आणि आत्ताच्या यादीतली ही ओळ एकाच वस्तूच्या आहेत का, हे कुणी ठरवायचं आणि कशावरून? फ्रेमवर्कांचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या बाजूनं वाचला तर बराच सुसंगत लागतो.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण यादी बदलली की ती पुसून पुन्हा लिहायची असा शिरस्ता होता. इंटरनेट एक्सप्लोरर ४ नं १९९७ मध्ये इनर-एचटीएमएल आणलं. त्यात नव्या यादीची आख्खी स्ट्रिंग ठोकून दिली की झालं. डोमचं पहिलं प्रमाण १९९८ मध्ये आलं आणि एकेक घटक बनवून जोडण्याचा रीतसर मार्ग मिळाला, तरी लोक स्ट्रिंगवरच खूश होते. ती पद्धत आजही छोट्या, नुसत्या वाचायच्या यादीसाठी वाईट नाही. मात्र पुसताना जे पुसलं जातं त्यात वापरणाऱ्याचंही काही असतं: अर्धवट टाइप केलेला मजकूर, फोकस, निवडलेले शब्द, मध्येच थांबवलेला व्हिडिओ. शिवाय ओळींवर बसवलेले क्लिकचे हँडलर जुन्या ओळींबरोबर जायचे आणि नव्या ओळी मुक्या राहायच्या. जेक्वेरीनं २००९ च्या १.३ आवृत्तीत ‘लाइव्ह’ नावाची सोय दिली ती याच दुखण्यावर. हँडलर ओळीवर न बसवता वर कुठेतरी बसवायचा आणि खालून वर येणारी क्लिक तिथे पकडायची. ‘लाइव्ह’ पुढे काढून टाकलं गेलं, त्यामागची कल्पना टिकली. आजही हजार ओळींना हजार हँडलर लावण्यापेक्षा यादीला एक हँडलर लावणं शहाणपणाचं असतं, आणि रिअ‍ॅक्ट आतून असंच काहीसं करतं.

मग २०१० च्या आसपास बॅकबोन, नॉकआउट, अँग्युलर-जेएस अशी मंडळी आली आणि यादी ‘दाखवण्या’ऐवजी यादी ‘बांधण्या’ची भाषा सुरू झाली. डेटा बदलला की पडदा आपोआप बदलेल, असं वचन होतं. ते पाळायचं तर नवी यादी आणि जुनी यादी यांतला फरक यंत्राला काढता आला पाहिजे, आणि ओळखीचा प्रश्न तिथे दारात येऊन उभा राहिला.

फरक काढणं हे तसं जुनं शास्त्र. दोन मजकुरांतला फरक दाखवणारा युनिक्सवरचा डिफ १९७० च्या दशकातला, आणि यूजीन मायर्सचा प्रसिद्ध अल्गोरिदम १९८६ चा. पण वेबपान हे झाड आहे, आणि दोन झाडांमधला किमान फरक काढण्याच्या सर्वसाधारण पद्धती घटकांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात काम वाढवतात. हजार घटकांसाठी शंभर कोटी तुलना. रिअ‍ॅक्ट २०१३ च्या मे महिन्यात खुलं झालं तेव्हा त्यानं हा डोंगर चढायचं नाकारलं आणि वळसा घातला. दोन गृहीतकं धरली: वेगळ्या प्रकारचे घटक म्हणजे वेगळी झाडं, त्यांची तुलना करत बसायचं नाही; आणि एकाच पालकाखालच्या भावंडांमध्ये कोण कोण आहे हे प्रोग्रामरनं ‘की’ देऊन सांगायचं. एवढ्यावर काम घटकांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात आलं.

दुसऱ्या गृहीतकाकडे वेगाची युक्ती म्हणून पाहिलं जातं. मला त्यात कबुली दिसते. कोणती ओळ कोणाची हे पडद्याकडे पाहून यंत्राला कळू शकत नाही, ते डेटा ओळखणाऱ्या माणसालाच माहीत असतं, असं फ्रेमवर्क मान्य करतं. ‘की’ दिली नाही तर रिअ‍ॅक्ट क्रमांकावर विसंबतं. पहिल्या जागी मघाशी एक ओळ होती, आताही आहे, प्रकार तोच आहे, म्हणजे ओळ तीच. फक्त नाव पाटीलऐवजी शेख करायचं. इनपुटच्या पोटातला मजकूर रिअ‍ॅक्टच्या ताब्यात नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. दवाखान्यातला शेरा असा जागच्या जागी राहिला. इंडेक्सला ‘की’ म्हणून दिलं तर नेमकं हेच होतं, फक्त सूचना दिसेनाशी होते. म्हणून माझ्या हिशेबी इंडेक्सची ‘की’ ही ‘की’ न देण्यापेक्षा वाईट: रोग तोच, वर लक्षण झाकलेलं.

ती कधी चालते, हेही सांगायला हवं. यादी कधी हलत नाही, गाळली जात नाही, मधे काही घुसत नाही आणि ओळींना स्वतःची काही स्मृती नाही, अशा वेळी इंडेक्स बिनधास्त वापरावा. पानाच्या तळाशी असलेल्या पाच दुव्यांसाठी युनिक आयडी शोधत बसणं हा देखावा आहे.

बाकी ठिकाणी काय द्यायचं? डेटाबेसमधला आयडी असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तेव्हा माणसं जे उपाय काढतात ते बघण्यासारखे असतात. कुणी दर रेंडरला रँडम आकडा देतं. मग प्रत्येक वेळी प्रत्येक ओळ नवी ठरते, जुन्या सगळ्या मोडल्या जातात, आणि चौकटीत एक अक्षर टाइप केलं की फोकस उडतो. कुणी नाव देतं. मग एकाच दिवशी दोन सुनीता पाटील येतात. कुणी मोबाइल नंबर देतं, आणि आपल्याकडे एका घरातली चार माणसं एकच नंबर सांगतात. कुणी असं फील्ड देतं जे त्याच ओळीत बदलता येतं. त्यात दुरुस्ती करायला घेतलं की पहिल्याच अक्षराला ‘की’ बदलते आणि ओळ हाताखालून नाहीशी होऊन तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी येते. खरेदीच्या टोपलीत तोच शर्ट दोन मापांत असेल तर वस्तूचा आयडी पुरत नाही, माप जोडावं लागतं. म्हणजे ‘की’ ठरवताना आपण नकळत ‘या यादीत एक वस्तू म्हणजे काय’ हे ठरवत असतो, आणि ते ठरवायला डेटाबेसची रचना करणाऱ्याइतकाच विचार लागतो.

‘की’ला आणखी एक मर्यादा आहे जी उशिरा लक्षात येते. ती भावंडांपुरतीच. कामांच्या फळ्यावर ‘बाकी’ स्तंभातलं कार्ड ओढून ‘झालं’ स्तंभात टाकलं तर दोन्हीकडे ‘की’ तीच असली तरी पालक बदलला, म्हणून रिअ‍ॅक्ट जुनं कार्ड मोडतं आणि नवं बांधतं. कार्डात उघडलेली यादी मिटते, लिहीत असलेली टीप जाते. उपाय एकच: जी स्मृती टिकायला हवी ती कार्डात न ठेवता वर ठेवायची. दवाखान्याच्या उदाहरणातही शेरा स्टेटमध्ये, रुग्णाच्या आयडीखाली असता तर चुकीच्या ‘की’नंही इतका घोटाळा झाला नसता.

आता बाकीच्यांनी काय केलं ते पाहू. अँग्युलर-जेएसचं एनजी-रिपीट प्रत्येक वस्तूवर गुपचूप एक खूण डकवायचं, डॉलर-डॉलर-हॅशकी नावाची. वस्तू तीच असेल तर ओळ तीच. दिसायला छान, पण सर्व्हरकडून तीच यादी पुन्हा मागवली की जेसनमधून सगळ्या वस्तू नव्यानं जन्मतात, खुणा नसतात, आणि आख्खी यादी पाडून पुन्हा बांधली जाते. १.२ आवृत्तीत ‘ट्रॅक बाय’ आलं ते यासाठी. यादीत पुनरावृत्ती सापडली तर एनजी-रिपीट सरळ एरर फेकायचं. तेव्हा त्याचा राग यायचा, आता तो कडकपणा मला बरा वाटतो.

स्मृतीतला पत्ता हीच ओळख, ही कल्पना नंतरच्या अँग्युलरनंही उचलली आणि सॉलिडनंही. सॉलिडमध्ये दोन वेगळे घटक आहेत. ‘फॉर’ वस्तूच्या पत्त्यावरून ओळ ओळखतो, वस्तू हलली तर ओळ तिच्याबरोबर हलते. ‘इंडेक्स’ जागेवरून ओळखतो, वस्तू बदलली तर जागेवरची ओळ नवा मजकूर घेते. एका यादीबद्दल दोन वेगळे हेतू असू शकतात हे इतक्या स्पष्टपणे भाषेतच मांडलेलं दुसरीकडे क्वचित दिसतं. आकड्यांच्या किंवा साध्या शब्दांच्या यादीला ‘इंडेक्स’, नोंदींच्या यादीला ‘फॉर’. ताज्या जेसनची अडचण मात्र ‘फॉर’लाही आहेच, ती टाळायला नवी माहिती जुन्या वस्तूंशी आयडीवरून जुळवून घेणारं ‘रिकन्साइल’ वापरावं लागतं. पुन्हा आयडी आलाच.

व्ह्यूनं उलट टोक धरलं. व्ही-फॉरला ‘की’ नसेल तर ओळी जागच्या जागी ठिगळ लावून वापरायच्या आणि ते उघडपणे सांगायचं: ओळीत स्वतःची स्मृती किंवा इनपुट नसेल तरच हे करा. स्वेल्टमध्ये ‘ईच’च्या कंसात आयडी लिहिला तर ओळख, नाहीतर जागा. लिटमध्ये साधा मॅप जागेवर चालतो, ओळख हवी तर ‘रिपीट’ नावाची वेगळी सोय घ्यायची. आणि अँग्युलरनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, १७ व्या आवृत्तीत, नवा ‘फॉर’ आणताना ‘ट्रॅक’ सक्तीचा केला. तो लिहिल्याशिवाय टेम्प्लेट कंपाइलच होत नाही. अर्थात ‘ट्रॅक’ला इंडेक्स द्यायची पळवाट ठेवली आहे, आणि ती भरपूर वापरली जाते. तरी दिशा लक्षात येते: आधी मौन, मग सूचना, मग सक्ती.

सगळ्यात नेमकी मांडणी मला वेबच्या बाहेर, अँड्रॉइडमध्ये सापडते. तिथल्या डिफ-युटिलला दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. या दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत का? आणि असतील तर त्यांचा मजकूर सारखा आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ओळ नवी, दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर ओळ तीच पण रंगकाम पुन्हा. वेबवर हे दोन प्रश्न इतके एकमेकांत मिसळले गेले की कित्येकांना ‘की’ हा दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे रेंडर वाचवण्याचा, भाग वाटतो. रिअ‍ॅक्टमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मेमो’ देतं. ‘की’ कितीही अचूक असली तरी पालक रेंडर झाला की ओळीही रेंडर होतात, आणि हजार ओळींच्या यादीत एक ओळ निवडली की हजारांचं काम निघतं, ते थांबवणं ‘मेमो’चं काम आहे.

क्रम बदलला की जुळणी अवघड होते. रिअ‍ॅक्ट दोन्ही याद्या सुरुवातीपासून बरोबरीनं वाचत जातं. ‘की’ जुळेनाशी झाली की उरलेल्या जुन्या ओळी एका मॅपमध्ये टाकतं आणि नव्या क्रमानं त्यांतून उचलतं. आत्तापर्यंत ठेवलेल्या ओळींपैकी सगळ्यात मागची जुनी जागा लक्षात ठेवतं, आणि त्याहून आधीच्या जागेवरून आलेली ओळ असेल तर ती हलवतं. बहुतेक वेळा हे ठीक चालतं. पण शंभर ओळींतली शेवटची ओळ पहिली आणली तर? पहिल्याच पावलाला शंभरावी जागा लक्षात राहते, आणि मागून येणाऱ्या नव्याण्णव ओळी ‘आधीच्या’ ठरून सगळ्या हलवल्या जातात. हलायला हवी होती एक. रिअ‍ॅक्टच्या कोडमध्येच एक टीप आहे की फायबरला, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या आतल्या झाडातल्या घटकाला, मागे जाणारे दुवे नसल्यानं दोन्ही टोकांकडून शोधता येत नाही. व्ह्यू २ दोन्ही टोकांकडून शोधायचं. इन्फर्नो आणि मग २०२० मधलं व्ह्यू ३ यांनी आणखी चांगला रस्ता घेतला: जुन्या जागांच्या नव्या क्रमातून सगळ्यात लांब चढता उपक्रम शोधायचा, त्यातल्या ओळी जागेवर ठेवायच्या आणि बाकीच्याच हलवायच्या. ५, १, २, ३, ४ असा नवा क्रम असेल तर १, २, ३, ४ हा चढता उपक्रम, म्हणून हलतो फक्त ५. पत्त्यांच्या गड्ड्या लावण्यासारखी ही युक्ती गणितज्ञांना वेबच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

श्टेफान क्राउझे यांच्या जेएस-फ्रेमवर्क-बेंचमार्कमध्ये हे फरक आकड्यांत दिसतात. हजार ओळी बनवा, दहा हजार बनवा, दर दहावी ओळ बदला, दोन ओळींची अदलाबदल करा, एक काढा, सगळ्या पुसा. यात ‘की’वाले आणि ‘की’विना असे दोन वेगळे तक्ते ठेवलेत ही त्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट, कारण ओळखीची फिकीर न करता जुन्या ओळींवर नवा मजकूर चढवणारा नेहमीच काही कामांत जिंकणार. या स्पर्धेनं फ्रेमवर्कं खरोखर वेगवान झाली. आता वरच्या पंधरा-वीस जणांतला फरक मोजायला यंत्र मुद्दाम मंद करावं लागतं, आणि एवढ्यावरून फ्रेमवर्क निवडणारा माणूस दिसला की मला गंमत वाटते.

त्यापेक्षा महत्त्वाची बाब ब्राउझरची होती आणि ती वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिली. डोममध्ये ‘हलवणं’ असं काही नव्हतंच. इन्सर्ट-बिफोर जुन्या जागेवरून घटक काढतं आणि नव्या जागी घालतं. या काढ-घालीत आयफ्रेम पुन्हा लोड होते, फोकस जातो, सीएसएस अ‍ॅनिमेशन पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे ‘की’ अचूक, अल्गोरिदम उत्तम, तरी हललेल्या ओळीची स्मृती जाऊ शकते. किमान ओळी हलवण्याचा खरा फायदा मिलिसेकंदांत नाही, इथे आहे: ज्या ओळीत माणूस काम करतोय ती न हलण्याची शक्यता वाढते. क्रोमनं २०२५ च्या सुरुवातीला, १३३ व्या आवृत्तीत, ‘मूव्ह-बिफोर’ दिलं. ते घटकाला खरोखर सरकवतं, आयफ्रेम जिवंत ठेवून. सगळ्या ब्राउझरांत ते मुरेपर्यंत जुना रस्ताही बाळगावा लागणार.

क्रमाचा विषय निघाला आहे तर मराठीबद्दल एक गोष्ट. नावांची यादी जावास्क्रिप्टच्या साध्या सॉर्टनं लावली तर ती युनिकोडच्या क्रमांकांनी लागते. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष आणि ज्ञ ही तिथे स्वतंत्र अक्षरंच नाहीत, म्हणून क्षीरसागर क च्या गर्दीत आणि ज्ञानेश्वर ज च्या शेपटाला जातात. ब्राउझरमधल्या इंटल-कोलेटरला भाषा सांगून सॉर्ट करता येतं, आणि निदान मराठी नावांच्या यादीला तेवढं तरी करावं. ओळींची उंची ठरवतानाही असंच होतं: इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या बुटक्या ओळीत रफार आणि उकार कापले जातात, आणि चाचणी करणाऱ्यानं सगळी नावं रोमनमध्ये भरली असतील तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

उंची हा लांब याद्यांचा कळीचा मुद्दा. लाख ओळींची यादी डोममध्ये घालणं कुणालाच परवडत नाही, म्हणून दिसणाऱ्या खिडकीपुरत्याच ओळी बनवायच्या आणि बाकीच्यांच्या जागी मोकळी उंची ठेवायची, ही व्हर्च्युअलायझेशनची पद्धत. आयफोनच्या टेबल-व्ह्यूनं ती पहिल्या एसडीकेपासून वापरली. पडद्याबाहेर गेलेली ओळ फेकायची नाही, तीच समोरून येणाऱ्या नोंदीसाठी वापरायची. भरभर स्क्रोल करताना संपर्कयादीत एकाच्या नावापुढे क्षणभर दुसऱ्याचा फोटो दिसायचा तो या पुनर्वापरातून. जुन्या नोंदीसाठी मागवलेलं चित्र उशिरा येऊन नव्या नोंदीच्या ओळीत बसायचं. वेबवर ब्रायन व्हॉन यांच्या रिअ‍ॅक्ट-व्हर्च्युअलाइज्ड आणि मग हलक्या रिअ‍ॅक्ट-विंडोनं ही पद्धत घरोघरी नेली. चाळीस पिक्सेल उंचीची ओळ आणि आठशे पिक्सेलची खिडकी असेल तर वीस ओळी, वर-खाली थोड्या राखीव. हिशेब सुटसुटीत आहे. फक्त दहा लाख ओळींची उंची चार कोटी पिक्सेल होते आणि क्रोम एका घटकाला सुमारे ३.३५ कोटींच्या पलीकडे उंच होऊ देत नाही, म्हणून तिथे आणखी कसरती लागतात.

या पद्धतीची किंमत वापरणारा मोजतो. कंट्रोल-एफ दाबून नाव शोधलं तर सापडत नाही, कारण ते पानात नाहीच. पान छापलं तर वीस ओळी छापल्या जातात. स्क्रीन रीडर ‘वीस ओळींची यादी’ सांगतो. त्याला खरी संख्या आणि ओळीचं स्थान कळवायला एरियाची सेट-साइझ आणि पॉझ-इन-सेट ही दोन गुणविशेषं भरावी लागतात, आणि ती भरलेली मला क्वचित दिसतात. फोकस असलेली ओळ स्क्रोल होऊन मोडली गेली की कीबोर्डवर चालणारा माणूस पानाच्या माथ्यावर फेकला जातो. ओळ डिलीट केल्यावरही तसंच; फोकस शेजारच्या ओळीला द्यायचा असतो, आणि ते कोणतंही फ्रेमवर्क आपणहून करत नाही.

म्हणून काही हजारांपर्यंतच्या याद्यांसाठी मी आधी कंटेंट-व्हिजिबिलिटी पाहायला सांगेन. २०२० मध्ये क्रोम ८५ मध्ये आलेला हा सीएसएसचा गुण. सगळ्या ओळी डोममध्येच राहतात, पडद्याबाहेरच्यांची मांडणी आणि रंगकाम तेवढं टाळलं जातं, आणि शोधलेलं नाव सापडतं. इतकं साधं असूनही त्याची फारशी चर्चा नाही. बहुधा त्याला लायब्ररी लागत नाही म्हणून.

किंवा यादी लांब कशाला, असंही विचारता येतं. एझा रास्किन यांनी २००६ मध्ये मांडलेलं अखंड स्क्रोल आता सगळीकडे आहे, आणि पानाचा तळ गाठता न येणं ही त्यातली सर्वांना माहीत असलेली चीड. त्याखालचा तांत्रिक दोष मात्र ओळखीचाच. ‘पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस द्या’ असं सर्व्हरला विचारलं आणि दरम्यान वर एक नवी नोंद आली तर मघाची विसावी पुन्हा एकविसावी म्हणून येते. दोन ओळींना एकच ‘की’, आणि कन्सोलमध्ये सूचना. उलट मधली एक नोंद काढली गेली तर एक ओळ कधीच दिसत नाही, आणि त्याची सूचनाही येत नाही. ‘अमुक आयडीच्या पुढच्या वीस द्या’ असं विचारलं की दोन्ही मिटतं. इथेही जागेवरून विचारणं आणि ओळखीवरून विचारणं एवढाच फरक आहे.

मोठं फ्रेमवर्क नकोच, सर्व्हरनं एचटीएमएलचा तुकडा पाठवावा, असं म्हणणारा एक पंथ अलीकडे जोरात आहे. हॉटवायरच्या टर्बो-स्ट्रीममध्ये ‘या आयडीच्या ओळीच्या जागी हे घाला’, ‘ही ओळ काढा’ अशा आज्ञा जातात. आणि २०२४ च्या टर्बो ८ पासून पूर्ण नवं पान जुन्या पानात विरघळवताना इडिओमॉर्फ ही लायब्ररी घटकांच्या आयडींवरून जुळणी करते. व्हर्च्युअल डोम गेला, ‘की’ हा शब्द गेला, आयडी राहिला. अ‍ॅनिमेशनमध्येही तेच. ओळ जुन्या जागेवरून नव्या जागी घसरत जाताना दाखवायची तर दोन्ही ओळी एकच आहेत हे माहीत हवं. स्वेल्ट ‘ईच’ला आयडी नसेल तर हे अ‍ॅनिमेशन लावूच देत नाही, आणि व्ह्यू ट्रान्झिशन्समध्ये साधारणपणे प्रत्येक ओळीला स्वतंत्र नाव द्यावं लागतं.

उरते ती एक अडचण जी जवळजवळ प्रत्येक संघाला उशिरा भेटते: ज्या नोंदीला अजून आयडीच मिळालेला नाही तिचं काय? वापरणारा ‘जोडा’ दाबतो, आपण सर्व्हरची वाट न पाहता ओळ लगेच दाखवतो आणि तिला तात्पुरता आयडी देतो. तो तिच्यात लिहायला लागतो. अर्ध्या सेकंदानं सर्व्हरचा खरा आयडी येतो, ‘की’ बदलते, ओळ मोडून नवी बांधली जाते आणि त्याचा फोकस जातो. वेगवान नेटवर, विकसकाच्या टेबलावर, हे दिसतही नाही. गावाकडच्या फोनवर रोज दिसतं. काही जण पडद्यापुरती वेगळी ‘की’ जन्मभर जपतात आणि खऱ्या आयडीशी तिची सांगड ठेवतात. ते चालतं, पण ती सांगड ऑफलाइन, दुसऱ्या टॅबमध्ये, पान रिफ्रेश झाल्यावर कुठे ठेवायची हे प्रश्न एकामागून एक येतात. त्यापेक्षा ब्राउझरनंच यूयूआयडी बनवावा आणि सर्व्हरनं तोच कायमचा आयडी म्हणून स्वीकारावा हे सरळ. रँडम यूयूआयडीनं डेटाबेसचा इंडेक्स विस्कटतो, हा जुना आक्षेप २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीनं बराच बोथट केला आहे, कारण तिची सुरुवात वेळेपासून होते आणि नोंदी साधारण क्रमानं पडतात. ब्राउझरकडून आलेला आयडी आधीच दुसऱ्या कुणाच्या नोंदीचा नाही ना, हे मात्र सर्व्हरनं तपासावंच लागतं. पडद्यावरच्या कोडमध्ये यासाठी एक ओळ बदलते. बाकीचा बदल डेटाबेसच्या बाजूचा असतो, आणि बैठक लांबते ती त्या बाजूच्या लोकांशी.